सटवाई नावाचा चंद्र: माणूस तिथे नेमका कशानं मरेल, आणि तिथले जीव कसे जगतील?

कोथरूड_कलम

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहिते आहे, बाज स्पेस ऑपेराचा. पायाच कच्चा राहू नये म्हणून इथे मांडते.

सूर्यासारखा तारा. त्याच्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर गुरूच्या वजनाचा वायुग्रह, नाव म्हसोबा. त्याचा चंद्र सटवाई: वस्तुमान पृथ्वीच्या पाव, त्रिज्या पृथ्वीच्या ०.६८ पट. हवा श्वास घेण्याजोगी, दाब आपल्याइतकाच, समुद्र आहेत. म्हसोबाभोवतीची फेरी २० तासांची ठेवली आहे, म्हणजे दिवस आपल्या ओळखीचा वाटेल. खनिज वाहून नेणारं यान कोसळतं, ११ माणसं वाचतात आणि त्यांना २४० किलोमीटरवरच्या संदेशतळापर्यंत चालत जायचं आहे.

वैरी म्हणून तीन गोष्टी योजल्या आहेत: म्हसोबाचा किरणोत्सार, मिथेनचा पाऊस आणि 'राकस' नावाचे सहा टनी शिकारी प्राणी, चाळीसच्या कळपानं फिरणारे. यातलं काय टिकतं, काय पडतं? आणि पडलं तर त्या जागी काय ठेवू?

---

कक्षागणित

२० तासांची फेरी आधी काढून टाका. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

गुरूच्या वजनाच्या ग्रहाभोवती २० तासांत फिरायचं तर अंतर सुमारे २,५५,००० किलोमीटर येतं. आपल्या गुरूचा चंद्र आयो त्याच्यापासून ४,२२,००० किलोमीटरवर आहे, तरी ग्रहाच्या ओढीनं सतत कणकेसारखा मळला जाऊन तो इतका तापतो की सगळ्या सूर्यमालेत त्याच्याइतके ज्वालामुखी कुठे नाहीत. (१९७९ च्या मार्चमध्ये व्हॉयेजर-१ ला ते दिसले. त्याच्या काही दिवस आधीच हे गणित छापून आलं होतं.) आयोच्या जमिनीतून दर चौरस मीटरला सुमारे अडीच वॅट उष्णता बाहेर पडते. पृथ्वीच्या पोटातून येते ती जेमतेम ०.०९ वॅट. चंद्रात अशी तयार होणारी एकूण उष्णता त्याच्या त्रिज्येच्या पाचव्या घातानं आणि फेरीच्या वेगाच्याही पाचव्या घातानं वाढते. आयोचीच विकेंद्रता (कक्षेचा लांबटपणा) आणि आतला मऊपणा धरून तुमची सटवाई २० तासांच्या कक्षेत ठेवली तर आकडा १,४०० वॅटच्या आसपास जातो. पृथ्वीला सूर्याकडून मिळते तेवढी उष्णता जमिनीखालून. समुद्र सोडा, खडकही घट्ट राहणार नाही.

फेरी ६ दिवसांची करा. सटवाई सहाव्या दिवशी येते, नावालाही शोभेल. अंतर ९,५२,००० किलोमीटर. विकेंद्रता ०.००८ धरली की आतली उष्णता चौरस मीटरला ०.३ वॅट येते, पृथ्वीच्या तिपटीहून थोडी जास्त. ज्वालामुखी भरपूर, भूकंप नेहमीचे, पण समुद्र शाबूत. मात्र ही विकेंद्रता आपोआप टिकत नाही, भरतीचं घर्षण कक्षा गोल करत जातं. तिला धरून ठेवायला बाहेरच्या बाजूला १२ दिवसांत फिरणारा दुसरा चंद्र हवा, अंतर सुमारे १५ लाख किलोमीटर. तो गॅनिमीड या गुरूच्या चंद्राएवढा असला तर दर १२ दिवसांनी जवळून जाताना आपल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल, तोही फक्त म्हसोबाकडे पाठ असलेल्या बाजूवरून. दोन्ही कक्षा सुरक्षित आहेत. म्हसोबाच्या ओढीची हद्द सुमारे १ कोटी किलोमीटरपर्यंत आहे आणि तिच्या निम्म्याच्या आत फिरणारा चंद्र टिकतो.

आता आकाश. चंद्राची एकच बाजू कायम ग्रहाकडे राहणार, त्यामुळे म्हसोबा आकाशात उगवतही नाही, मावळतही नाही, एका जागी लटकलेला. रुंदी ८.६ अंश, आपल्या चंद्राच्या १७ पट. दिवस ७२ तासांचा, रात्र ७२ तासांची. ग्रहाकडच्या बाजूच्या मध्यावर मध्यरात्री म्हसोबाची पौर्णिमा असते. त्याचा विस्तार आपल्या चंद्राच्या २९० पट आणि ढगाळ पृष्ठभाग चौपट उजळ, तेव्हा उजेड २०० ते ३०० लक्स, घरात दिवा लावल्यावर असतो तितका. म्हणजे तिथे रात्र कधीच पूर्ण काळी होत नाही. काळोख पडतो तो भर दुपारी. सूर्य बरोबर म्हसोबाच्या मागे जातो, म्हसोबाची अमावास्या असते आणि साडेतीन तास मिट्ट अंधार. भर दुपारी बाराला बाहेर पडू नये हे आपल्याकडे आजीही सांगते. तुमच्या चंद्रावर त्याला खगोलशास्त्राचा आधार आहे.

किरणोत्साराचा धाक जमिनीवर चालणार नाही. आयोवर दिवसाला सुमारे ३६ सीव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) पडतात हे खरं, पण आयोला हवा नाही. सटवाईचं गुरुत्व ०.५४ पट आहे, म्हणून पृथ्वीइतका दाब धरायला दर चौरस मीटरवर १९ टन हवा लागते. आपल्या डोक्यावर १० टन असते. म्हणजे तुमची माणसं आपल्यापेक्षाही जाड पांघरुणाखाली आहेत. किरणोत्सार ठेवायचाच असेल तर यानात, कक्षेत असताना ठेवा, यंत्रणा निकामी होण्याचं कारण म्हणून.

मिथेनचा पाऊस तर मुळीच नको. उणे ८२ अंशांच्या वर मिथेन कितीही दाबलं तरी द्रव होत नाही. शनीच्या टायटन या चंद्रावर ते पडतं कारण तिथे उणे १७९ आहे. शिवाय प्राणवायू असलेल्या हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे भडका.

---

घाटमाथा

वरचा हिशेब हाती धरून जीवसृष्टीकडे येऊ. राकस पाहूनच सांगते, चाळीस परवडणार नाहीत.

पृथ्वीवरच्या मांसाहारी सस्तन प्राण्यांचा एक ठोकताळा आहे: १०,००० किलो भक्ष्य असेल तिथे सुमारे ९० किलो शिकारी पोसला जातो. सहा टनांचे चाळीस म्हणजे २,४०,००० किलो शिकारी. त्यांना २६,००० टनांहून जास्त भक्ष्य लागेल. चारशे किलोची गाय धरली तर सहासष्ट हजार गुरं, एका कळपासाठी. एवढी गुरं ज्या माळावर चरतात तिथे माणसं उपाशी मरत नाहीत आणि मग तुमची निम्मी कथा संपली. शिकारी हवाच असेल तर ६० किलोचा, एकटा आणि क्वचित दिसणारा ठेवा.

मी मात्र चंद्राच्या घड्याळावर जगणारे जीव ठेवीन. आपल्याच डोंगरांत पाहा. कारवी सात वर्षांनी फुलते, अख्खा उतार एकदम, आणि बी टाकून मरते. खाणारे कितीही तुटून पडले तरी एवढं बी संपवू शकत नाहीत. सड्यावरच्या डबक्यांत परीकोळंबीची अंडी आठ महिने तापलेल्या खडकावर सुकी पडून असतात, पहिल्या पावसाला फुटतात आणि पाणी आटायच्या आत पुढची अंडी घालून मोकळी होतात. कासच्या पठारावर माती इतकी पातळ आणि निकस की 'दवबिंदू' नावाच्या वनस्पतीसारखी झाडं किडे खातात. प्रत्येक ठिकाणी आधी टंचाई आहे आणि तिच्यातून सवय आली आहे. सटवाईवर टंचाई कशाची? ग्रहाकडच्या बाजूला अंधाराची. सलग १४४ तासांत फक्त साडेतीन तास. ज्यांना लपून फिरायचं, लपून खायचं, त्यांची सगळी गर्दी तेवढ्यात.

एक जीव तपशिलानं देते, आवडला तर घ्या. नाव निजवी.

ज्वालामुखी भागात जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपत असतो. तो हवेहून दीडपट जड, खळग्यात साचतो. दिवसा वारा त्याला उधळून लावतो. दुपारच्या ग्रहणात जमीन निवते, वारा पडतो आणि खळगे काठोकाठ भरतात. छोटे चरणारे प्राणी अंधारात आडोशाला खळग्यात उतरतात आणि झोपी जातात ते उठत नाहीत. निजवी तळाशी गोधडीसारखी अंथरलेली असते. तिला दात नाहीत, धावही नाही. पडलेल्या प्राण्यावर कडा दुमडून तो झाकून टाकते, कारण उजेड आला, वारा सुटला की तासाभरात गिधाडी वृत्तीचे जीव पोचणार. त्याआधी घास आपला करायचा.

पण ती स्वतः त्या वायूत गुदमरत कशी नाही? खारफुटीच्या श्वासमुळांसारख्या नळ्या. बोटाएवढ्या जाड, करड्या, हात लावला तर शिंगासारख्या गार. पुरुषभर उंच, आणि प्रत्येक नळीला वीतभर अंतरावर एकेक भोक, भोकावर मिठाच्या दाण्याएवढं ओलसर झाकण. वायूचा थर चढत जाईल तशी खालून एकेक झाकणं मिटत जातात, वरची उघडी राहतात. जाणकार माणूस नळ्यांकडे बघून सांगेल की थर आत्ता मांडीपर्यंत आहे की छातीपर्यंत. जो उभा आहे तो वाचतो, जो बसतो तो गेला.

ग्रहामागच्या बाजूची सृष्टी पूर्ण वेगळी ठेवा. तिथे ग्रहण नाही आणि रात्र ७२ तास खरोखर काळी. ग्रहाकडची सावलीत वाढणारी झुडपं म्हसोबाच्या उजेडावर रात्रीही जेमतेम तग धरतील. पलीकडची झाडं रात्री पानं गुंडाळून गप्प बसतील आणि दुसऱ्या चंद्राच्या भेटीवर, दर १२ दिवसांनी, फुलोऱ्याची वेळ जुळवतील. त्या चंद्राची ओढ अगदी किरकोळ आहे, त्याचा उपयोग फक्त खुणेपुरता.

---

कोथरूड_कलम

राकस गेले, निजवी आली. मनापासून आभार. २४० किलोमीटर म्हणजे आळंदी-पंढरपूर वारीइतकं अंतर, तेव्हा दिवसाला २० किलोमीटर धरून १२ दिवस, म्हणजे सटवाईचे दोन दिवस आणि दोन दुपारी. वाट किनाऱ्यालगत पूर्वेकडे, ग्रहाकडच्या बाजूला. आता पुढचं: चालणं, पाणी, खाणं, भरती. आणि तिथले जंतू माणसाला लागतील का?

---

रानवाट_दिंडी

जंतूंपासून सुरुवात करते, कारण ती भीती बहुतेक कथांत उलटी असते. विषाणूला आपल्या पेशीची यंत्रणा वापरावी लागते. वेगळ्या मुळातून आलेल्या जीवाला ते कुलूप उघडणार नाही. पण परकी प्रथिनं आणि बीजाणू फुप्फुसात गेले तर सूज, दमा, अंगावर गांधी हे सगळं होऊ शकतं. साथ नको, खोकला ठेवा. तिसऱ्या दिवशी एखाद्याचा घसा बसला की वाचक आपोआप पुढे सरसावून बसतो.

खाणं त्याच कारणानं फसतं. तिथलं मांस पोटात जाईल, पण अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या घटकांची) घडण उलट्या हाताची, म्हणजे आपल्या आरशातल्या प्रतिमेसारखी असेल तर अंगी लागणार नाही. म्हणून शिधा बरोबरच न्यायचा. कोरडा शिधा माणशी दिवसाला ६५० ग्रॅम धरा, ११ जणांना १२ दिवसांसाठी सुमारे ८६ किलो. हे जमतं. पाणी जमत नाही. चालणाऱ्या माणसाला दिवसाला ४ लिटर, म्हणजे एकूण ५२८ लिटर. ते वाटेत शोधावंच लागेल. ज्वालामुखी झऱ्यांच्या पाण्यात आर्सेनिक असतं आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यानं प्रमाण वाढतं. तुमच्या माणसांनी पाणी उकळून निर्धास्त प्यावं ही चूक अगदी शिकलेला माणूसही करेल. उपाय म्हणजे वाफ धरून गार करणं: बंद भांडं, नळी, ओलं फडकं. इंधन आणि वेळ दोन्ही खातं. पावसाचं पाणी साठवणं सर्वांत सोपं.

चालणं. ०.५४ गुरुत्वात ४० किलोची पाठपिशवी २२ किलोची भासते, म्हणून लोक जास्त भरतात. पण वळताना आणि थांबताना ती ४० किलोचीच असते. पायाची पकड मात्र निम्मी. उतारावर धावत आलेला माणूस आपल्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट पुढे जाऊन थांबतो. पहिला मृत्यू मी इथे ठेवीन, घळीच्या तोंडाशी. शिवाय चालण्याचं धावण्यात रूपांतर होण्याचा वेग इथे ताशी साडेसात किलोमीटर आहे, तिथे साडेपाच. घाईनं चालू पाहणारा नकळत उड्या मारू लागतो आणि दमतो.

वायू. खळग्यात झोपायचं नाही हे घाटमाथा यांनी सांगितलंच आहे. आकडे देते. हवेत कार्बन डायऑक्साइड ५ टक्के झाला की धाप आणि डोकेदुखी, १० टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध जाते. विहिरीत उतरताना आधी कंदील सोडायची आपली जुनी रीत इथे पुरेशी नाही, कारण ज्योत विझायच्या आधीच माणूस अडचणीत येतो. ही कल्पनाही नव्हे: २१ ऑगस्ट १९८६ ला कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून असा वायू बाहेर पडून दरीत उतरला आणि सुमारे १,७०० माणसं गेली. गंधकाच्या झऱ्यांपाशी हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर निदान कळतं तरी. दहा लाखांत १०० भागांच्या पुढे नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं. 'आता वास येत नाही' हे वाक्य तुमच्या कथेत कुणाच्या तरी तोंडी हवंच.

भरती. विकेंद्रता ०.००८ म्हणजे म्हसोबाची ओढ सहा दिवसांत थोडी कमीजास्त होते आणि त्याच्या बरोबर खालच्या समुद्रात पाणी १५ ते २० मीटर चढतं-उतरतं. चढायला तीन दिवस लागतात, म्हणजे तासाला वीत-दीडवीत. ऐकायला काहीच नाही. पण हजाराला एक असा सपाट किनारा असेल तर काठ १५ ते २० किलोमीटर आत येतो, स्वारगेटहून खडकवासल्याच्या धरणापर्यंत. माणूस त्याच्या पुढे सहज चालू शकतो, म्हणूनच बेसावध राहतो. पाणी समोरून येत नाही. आधी खाड्यांचे फाटे भरतात, ते तुमच्या मागे असतात. समोर कोरडी वाळू दिसत असताना परतीची वाट बुडालेली असते.

संदेश पाठवताना ४० मेगाहर्ट्झच्या खालची वारंवारता टाळा. गुरू आणि आयो मिळून तिथे प्रचंड खरखर करतात, १९५५ सालापासून ती पृथ्वीवर ऐकू येते. म्हसोबाही गप्प बसणार नाही.

---

कक्षागणित

दोन दुरुस्त्या, पहिली माझ्याच उत्तराला. दर दुपारी ग्रहण तेव्हाच, जेव्हा सटवाईची कक्षा सूर्याच्या पातळीशी ४.३ अंशांहून कमी कलली असेल. म्हसोबा जास्त तिरका ठेवलात, समजा २० अंश, तर ग्रहणांचे हंगाम येतात: वर्षातून दोनदा, दर वेळी साधारण २५ दिवस, त्यात चारेक ग्रहणं. मला हे जास्त भावतं. निजवी बाकीचं वर्ष रात्रीच्या साचलेल्या वायूवर अर्धपोटी काढेल आणि यान कोसळेल ते नेमकं तिच्या सुगीत.

दुसरी, वाट शोधण्याबद्दल. होकायंत्राची गरज नाही असं कुणीतरी पात्र म्हणणारच, कारण म्हसोबा आकाशात खिळलेला आहे. सटवाईवर ७५ किलोमीटर चाललं की तो एक अंश सरकतो. २४० किलोमीटरला ३.२ अंश. साध्या कोनमापकानं मोजता येईल. पण तो पुरता खिळलेला नाही. कक्षा किंचित लांबट असल्यानं तो सहा दिवसांत पूर्व-पश्चिम डुलतो, मधल्या जागेपासून दोन्हीकडे ०.९ अंश. जमिनीवर ही चूक ७० किलोमीटरची होते. उत्तर-दक्षिण मोजमाप बरोबर येईल, पूर्व-पश्चिम दगा देईल, आणि तुमची वाट पूर्वेकडेच आहे.

---

कोथरूड_कलम

मग त्यांनी जागा ओळखायची कशी? यानातली घड्याळं बंद आहेत असं मी आधीच लिहून ठेवलं आहे.

---

कक्षागणित

भरतीवरून. सटवाई म्हसोबाच्या सर्वांत जवळ असते तेव्हा पाणी सर्वांत वर आणि त्याच क्षणी म्हसोबा डुलण्याच्या बरोबर मध्यावर असतो. सर्वांत दूर असते तेव्हा पूर्ण ओहोटी आणि पुन्हा तो मध्यावर. म्हणजे ऐन भरतीला किंवा ऐन ओहोटीला घेतलेलं मोजमाप खरं.

पण त्या वेळी त्याचा सरकण्याचा वेगही सर्वांत जास्त असतो. तासाभरानं चुकलात तर ३ किलोमीटरची चूक. आणि उथळ खाडीत भरती उशिरा येते, दोन-तीन तासही, म्हणून मोजमाप खाडीच्या पोटात बसून नव्हे, उघड्या समुद्राच्या काठावर घ्यायचं. भरती पूर्ण आली हे काठीवर खुणा करून ओळखावं लागेल: दर अर्ध्या तासाला एक खूण, आणि तीन खुणा एकाच जागी पडल्या की कोन मोजायचा. एक जण काठीपाशी, एक जण कोनमापकापाशी, दोघंही खाड्यांच्या समुद्राकडच्या बाजूला, आणि मागचे फाटे तोवर भरलेले. परतायला पाणी उतरेपर्यंत थांबावं लागेल, म्हणजे कोरड्या उंचवट्यावर निदान दीड दिवस. शिधा आणि दोघांचं १२ लिटर पाणी आधीच बरोबर न्यायचं.